बिबिंबाप

बिबिंबाप : कोरियातील भाताचा पारंपरिक प्रकार. गरम भातावर वेगवेगळ्या भाज्या (नामुल), गोमांस व अंडे रचतात. वर तिळाचे तेल आणि गोचुजांग हे आंबवलेले तिखट वाटण घालून चमच्याने कालवून खातात.

उगमाबाबत एकमत नाही. पितृपूजेनंतर नैवेद्य वाटून खाण्याची प्रथा (उम्बोक), शेतावरचे सामुदायिक जेवण, वर्षअखेरीस उरलेसुरले संपवणे, राजवाड्यातील दुपारचे हलके जेवण अशी निरनिराळी मूळे सांगितली जातात. १८९४ च्या तोंगहाक या शेतकरी उठावात भांडी अपुरी पडल्याने हा प्रकार सुरू झाला, ही कथा मात्र टिकत नाही, कारण लिखित उल्लेख त्याहून बरेच जुने आहेत. पाक दोंग-न्यांग (१५६९–१६३५) या कोरियन अधिकाऱ्याच्या टिपणांत भाज्या व मासळी घालून कालवलेला ‘होन्दोनबान’ येतो. मात्र तो आणि आजचा पदार्थ एकच होत असे म्हणणे धाडसाचे ठरेल. होंग सॉक-मो याच्या ‘दोंगुक-सेसीगी’ या कोरियन सणवार-चालीरीतींवरील ग्रंथात (१८४९) चीनच्या जियांगनानमधील अशाच भाताची नोंद आहे. त्यावरून काहींनी चिनी मूळ गृहीत धरले. परंतु ग्रंथकार तेथे साम्य दाखवतो, उगम सांगत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ‘सिउइजॉन्सॉ’ या अनामिक पाकग्रंथात ‘बुबुइम्बाप’ची कृती दिली आहे. तीत भात आधीच तेल व तिळकुटासह कालवून वाढतात. अंड्याचे काप व मण्याएवढे मांसगोळे वर ठेवतात. गोचुजांग नाही. म्हणजे जेवणाऱ्याने स्वतः कालवायचा तिखट भात हे रूप बहुधा नंतरचे.

आंदोंग शहराचा ‘हॉत-जेसाबाप’ (पितृपूजा न करताच तिच्या नैवेद्यासारखा केलेला भात) आजही गोचुजांगऐवजी सोयासॉसने कालवतात. पितृपूजेच्या पानात मिरची वर्ज्य असल्याने उम्बोकचे मत त्यामुळे अधिक संभवनीय वाटते.

प्रादेशिक प्रकारांत जोंजूचा सर्वांत प्रसिद्ध : गोमांसाच्या रश्शात शिजवलेला भात, सोयाबीनचे मोड आणि मुगाच्या स्टार्चची पिवळी जेली ही त्याची खूण. जिंजूचा कच्च्या गोमांसाबरोबर व रक्ताच्या सूपासह वाढतात. तापलेल्या दगडी वाडग्यातील (दोलसोत) भाताला तळाशी खरपूड धरते. तीच अनेकांना अधिक प्रिय.

परदेशी प्रवाशांपैकी पुष्कळांची या भाताशी पहिली गाठ विमानात पडते. कोरियन एअरने १९९० च्या दशकात तो जेवणात आणला; सोबत गोचुजांगची नळी आणि कालवण्याच्या सूचना असत.