इंजिन बंद पडल्यानंतरची चार मिनिटे

एकच इंजिन असलेल्या लहान विमानाचे इंजिन हवेत बंद पडले की विमान तत्क्षणी कोसळते, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात तसे घडत नाही. विमानाला वर तोलून धरण्याचे काम पंख करतात, इंजिन फक्त त्याला पुढे खेचते. पंखांवरून हवा पुरेशा वेगाने वाहत असेल, तोवर विमान उडतच राहते. उतारावरून जाणारी सायकल जशी पायडल न मारता वेग टिकवते, तसेच हे विमान थोडी थोडी उंची खर्च करून आपला वेग राखते.

हा हिशेब आकड्यांत मांडता येतो. प्रशिक्षणासाठी जगभर वापरले जाणारे सेसना १७२ हे विमान इंजिनाविना, वारा नसताना, एक मीटर खाली येईपर्यंत साधारण नऊ मीटर पुढे जाते. म्हणजे ३,००० फुटांवर इंजिन थांबले, तर वैमानिकाच्या हाती सुमारे आठ किलोमीटरचे अंतर आणि जेमतेम चार मिनिटे उरतात. मात्र त्यासाठी वेग ६५ ते ६८ नॉटच्या, म्हणजे ताशी १२० ते १२५ किलोमीटरच्या आसपास राखावा लागतो. वेग याहून वाढला तर हवेचा सरळ विरोध वाढतो. कमी झाला तर पंखांना अधिक कोनात हवा कापावी लागते आणि वजन तोलण्याच्या त्या खटाटोपातूनच दुसऱ्या प्रकारचा विरोध वाढतो. दोहोंची बेरीज जिथे सर्वांत कमी भरते, तो हा वेग. म्हणूनच उतरण्यासाठी हेरलेले शेत जवळ दिसत असूनही तिथवर पोहोचणार नाही असे वाटू लागल्यावर नाक वर ओढण्याची जी उपजत ओढ होते, ती नेमकी उलटी ठरते: विमान आणखी आधी खाली येते.

खरा धोका याच ठिकाणी आहे. हवेच्या प्रवाहाशी पंखांचा कोन साधारण पंधरा-सोळा अंशांच्या पुढे गेला, की प्रवाह पंखांच्या वरच्या पृष्ठभागापासून सुटतो आणि उचलणारे बल एकाएकी घटते. याला स्टॉल म्हणतात. सेसना १७२ मध्ये फ्लॅप (कमी वेगातही विमान तोलता यावे म्हणून पंखांच्या मागच्या कडेला असलेल्या झडपा) न उघडता सरळ जाताना ही वेळ सुमारे ४८ नॉटला येते, परंतु विमान ६० अंश कलवून वळवले तर तीच मर्यादा ६८ नॉटवर जाते. इंजिनाविना तरंगण्यासाठी जो वेग उत्तम, त्याच वेगावर विमान स्टॉल होऊ शकते! उड्डाणानंतर लगेच इंजिन गेल्यावर मागच्या धावपट्टीकडे घाईने वळणे इतके घातक का ठरते, हे यावरून कळते. उंची पुरेशी नसेल तर समोरच, थोडे डावी-उजवीकडे, मोकळी जागा शोधावी, असे शिकवले जाते, आणि हा सल्ला मला अत्यंत मोलाचा वाटतो.

वेग स्थिर झाला आणि जागा ठरली, की मगच इंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करायचा. ठिणगीसाठी या इंजिनांत दोन स्वतंत्र मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाच्या फिरण्यातूनच वीज निर्माण करणारी उपकरणे, असतात आणि त्यांना बॅटरी लागत नाही. त्यामुळे इंधनाच्या पुरवठ्याकडे आधी पाहिले जाते. टाकी रिकामी झाली असेल तर दुसऱ्या टाकीकडे कळ फिरवली जाते. इंधन आणि हवा यांचे मिश्रण करणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचले असण्याचीही शक्यता असते. इंधनाचे बाष्पीभवन आणि हवेचे प्रसरण यांमुळे आतले तापमान वीस अंशांहूनही अधिक उतरू शकते, म्हणून बाहेर २० अंश सेल्सिअसची दमट हवा असतानाही आत बर्फ धरते. गरम हवा आत सोडणारी कळ याचसाठी असते. रेडिओवरून १२१.५ मेगाहर्ट्झवर संकटाचा संदेश देणे हे काम यानंतरचे.

शेवटी प्रश्न गतिज ऊर्जेचा असतो. फ्लॅप उघडून ४५ नॉटने टेकणारे विमान १५ नॉटच्या वाऱ्याला सामोरे गेले तर जमिनीच्या सापेक्ष त्याचा वेग ३० नॉट राहतो, वारा पाठीशी असेल तर ६०. वेग दुप्पट, पण जिरवायची ऊर्जा चौपट. ताशी ८० किलोमीटरचा वेग नऊ जी (गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट) इतक्या सम मंदनाने शून्यावर आणायला तीन मीटरही लागत नाहीत. त्यामुळे पंख, चाके, कुंपण, दाट पीक यांचा चुराडा होऊन ऊर्जा जिरली आणि माणसे बसतात तो भाग शाबूत राहिला, तर आतले लोक वाचतात. टेकण्यापूर्वी इंधन आणि मॅग्नेटो बंद करतात, आणि दार अडकू नये म्हणून ते किंचित उघडे ठेवतात.

खांद्यावरचा पट्टाही याच हिशेबाचा भाग आहे. ५ मार्च २०१५ रोजी अभिनेते हॅरिसन फोर्ड यांच्या दुसऱ्या महायुद्धकाळातील रायन विमानाचे इंजिन सँटा मोनिका येथून उड्डाण केल्यावर थोड्याच वेळात निकामी झाले आणि धावपट्टी गाठता न आल्याने ते जवळच्या गोल्फ मैदानावर उतरले. ते वाचले. कार्ब्युरेटरमधील इंधनाचे प्रमाण ठरवणारा जेट, म्हणजे बारीक छिद्राचा भाग, सैल होऊन सुटला होता, असे तपासात आढळले. खांद्याचा पट्टा योग्य रीतीने बसवलेला नसल्यामुळे त्यांच्या दुखापती अधिक गंभीर झाल्या, हेही त्याच तपासाने नोंदवले.