‘हे ऐकलंत का?’ : नाशिकच्या कानसेनांची पार्श्वभूमी

दर शनिवारी रात्री साडेनऊच्या सुमारास शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांच्या आमच्या मोबाईलवरच्या गटात कुणीतरी एक ध्वनिमुद्रण पाठवतं आणि खाली एवढंच लिहितं, ‘हे ऐकलंत का?’ अर्ध्या तासाने उत्तरं येऊ लागतात. कुणी म्हणतं, ही चीज (बंदिश) इतकी वर्षं ऐकतोय, पण त्या जागेचा कोमल रिषभ आज पहिल्यांदा दिसला. कुणाला शंका येते की तबकडी जोरात फिरली आहे, गवयाची पट्टी एवढी उंच नव्हती. मग जुनी वही निघते आणि वाद रंगतो. गटातल्या तरुणांना वाटतं, हे सगळं मोबाईलमुळे सुरू झालं. तसं नाही. शनिवार का आणि साडेनऊच का, यालासुद्धा इतिहास आहे.

सुरुवात कोलकात्याला झाली. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेडरिक गैसबर्गने तिथे गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात, म्हणून गाणं संपताच कलावंत स्वतःचं नाव उच्चारत असे, म्हणजे तिकडच्या कारागिरांना तबकडी कुणाची ते कळावं. १९०८ साली कोलकात्यात कारखाना निघाला, तरी ही सवय काही काळ टिकली. जुन्या मुद्रणात शेवटच्या तानेला चिकटून येणारं ते नाव ऐकलं की माझ्या अंगावर अजून काटा येतो. तबकडीसाठी लागणारी लाख आपल्याच देशातली, बांगड्यांना वापरतात तीच.

एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळत. तासभर राग मांडणाऱ्याला एवढ्यात काय करता येणार? अनेक मोठ्या गवयांनी सुरुवातीला नकारच दिला. आपली चीज कुणीही उचलेल, ही भीतीही होती. पण ज्यांनी ते आव्हान घेतलं त्यांनी नवाच घाट घडवला. दोन आलाप, लगेच मुखडा, अंतरा, मोजक्या ताना आणि समेवर शेवट. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ‘पिया बिन नहीं आवत चैन’ ऐकताना वेळ कमी पडला असं कुणाला वाटेल? त्यांची तबकडी ऐकून गदगकडच्या लहानग्या भीमसेन जोशींना गाण्याने झपाटलं आणि ते गुरूच्या शोधात घर सोडून निघाले, हे सगळ्यांना माहीत आहे. एका तबकडीने एवढं केलं.

आता नाशिककडे येऊ. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही राजाश्रयावर नाही, तर लोकांच्या वर्गणीवर आणि तिकीट लावून केलेल्या मैफलींवर. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत विद्यालय आणलं. तिथल्या इमारतीचं कर्ज डोईजड झालं, वास्तूचा लिलाव झाला. शेवटची वर्षं त्यांचा मुक्काम नाशिकला होता. पंचवटीत रामनाम आधार आश्रम उभा राहिला, तिथे रामकथा आणि भजन चाले. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झालेला हा माणूस गंगेकाठी तुलसीरामायण गातोय, हे चित्र मला त्यांच्या सगळ्या परिषदांपेक्षा जवळचं वाटतं. (गंगा म्हणजे गोदावरीच, नाशिककर तिला दुसरं नाव क्वचितच घेतो.) ‘गवई म्हणजे वाया गेलेला’ हा समज त्यांनी मोडला. घरात फोनो (ग्रामोफोन) आणि त्यावर ख्याल लावायला मध्यमवर्ग धजला, त्यामागे मला त्यांचं हेच काम दिसतं.

त्यांचा मुलगा दत्तात्रेय, म्हणजे आपले बापूराव पलुस्कर, २८ मे १९२१ रोजी नाशिकला जन्मला. वडील गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. पुढे पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे तालीम झाली, नारायणराव व्यासांचंही मार्गदर्शन मिळालं. १९३५ मध्ये जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात तो पहिल्यांदा मोठ्या मंचावर बसला. १९४४ मध्ये पहिली तबकडी निघाली. १९५२ च्या ‘बैजू बावरा’त अमीर खाँसाहेबांबरोबर देसी राग गायला. १९५५ मध्ये सांस्कृतिक मंडळाबरोबर चीनला जाऊन आला आणि त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला, अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेला.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. बापूरावांची मैफल समोर बसून ऐकलेला माणूस आज फारच विरळा. आमच्या पिढीला ते भेटले ते तबकडीतून आणि आकाशवाणीने जपलेल्या मुद्रणांतून. ‘खरं गाणं मैफलीतलं, मुद्रण म्हणजे त्याची सावली’ असं काही जाणकार म्हणतात. बापूरावांच्या बाबतीत मला ते पटत नाही. त्यांच्या तीन मिनिटांच्या श्री रागामध्ये, ‘हरि के चरण कमल’मध्ये, राग पूर्ण उभा आहे. कुठे काही कापल्याची खूण नाही. बारा अंगुळांच्या मूर्तीत देव मावतो, तसं आहे हे.

आमच्या आजोबांच्या वाड्यात, जुन्या नाशकात, रविवारी दुपारी फोनो निघायचा. चावी आजोबाच देणार, सुई दर बाजूला नवी. वापरलेल्या सुया एका पितळी डबीत पडत आणि ती डबी आम्हा मुलांना खेळायला मिळे. शेजारचे दोघंतिघं यायचे. बाजू संपली की कुणी लगेच बोलायचं नाही, असा न सांगितलेला नियम होता. मग एक जण हळूच म्हणे, ‘पुन्हा लाव.’ तीच तबकडी चारदा लागे आणि चौथ्या वेळी भांडण होई, ही तान सपाट की कूट यावरून. तबकड्या फडक्यात बांधून उसन्या जात आणि कुणाकडे काय गेलं याची नोंद वहीत असे. त्या वहीत एका तबकडीपुढे तीन वेगवेगळ्या हातांनी रागाचं नाव खोडून पुन्हा लिहिलेलं आहे. माझ्याकडे ती अजून आहे.

मग रेडिओ. २० जुलै १९५२ पासून आकाशवाणीने संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. शनिवारी रात्री साडेनऊ ते अकरा, एकच कलावंत, दीड तास. तीन मिनिटांवर वाढलेल्या कानांना हा केवढा विस्तार! ज्यांच्याकडे चांगला सेट, त्यांच्या ओसरीवर सतरंजी पडे. विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल म्हणजे काय, हे नाशिकच्या कित्येक घरांना असं शनिवारी कळलं. आमच्या गटाची वेळ तिथूनच आली आहे. कुणी ठरवली नाही, अंगवळणी पडलेली होती.

लाँगप्ले तबकडीमुळे एका बाजूला साधारण वीस मिनिटं मिळाली. अमीर खाँसाहेबांचा मारवा एका बाजूला आणि दरबारी दुसऱ्या बाजूला, ही तबकडी ज्या घरात होती त्या घराचा पत्ता सगळ्यांना पाठ असे. किशोरीताई आमोणकरांचा भूप राग आला तेव्हा त्यावर दोन तट पडले. एकाला तो फार भावुक, दुसऱ्याला तोच खरा भूप. तो वाद आजही मिटलेला नाही आणि मिटूही नये.

पण ध्वनिमुद्रण खऱ्या अर्थाने हातोहात फिरलं ते कॅसेटमुळे. नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे पंचेचाळीस अधिक पंचेचाळीस. राष्ट्रीय कार्यक्रम दीड तासाचा. जणू एकमेकांसाठीच बेतलेले. अडचण एकच, बाजू पालटायची वेळ नेमकी द्रुताच्या, म्हणजे जलद लयीतल्या भागाच्या, तोंडावर यायची. माझ्या कपाटातल्या कितीतरी मुद्रणांत द्रुताची पहिली दोन आवर्तनं नाहीत, आणि ती जागा मला अजून मनातून भरून घ्यावी लागते. प्रतीवरून प्रत निघे, खरखर वाढत जाई, पण कार्डावर बॉलपेनने लिहिलेली राग-तालाची नावं पुढे पुढे जात. चुकाही तशाच जात. तिलंग रागावर ‘जोग’ असं लिहिलेली एक कॅसेट आमच्याकडे निदान सहा घरांत होती. चूक सापडली तेव्हा सहाही जणांना बोलावून चहा झाला.

आज सगळंच उपलब्ध आहे. २६ जानेवारी २०१६ पासून आकाशवाणीची ‘रागम्’ वाहिनी चोवीस तास शास्त्रीय संगीत देते. जगभरच्या संग्राहकांनी आपली कपाटं यूट्यूबवर उघडली आहेत. मला याचा मनापासून आनंद आहे. आजोबा ज्या मुद्रणासाठी पुण्याला जाऊन आले असते, ते मी दूध तापेपर्यंत ऐकू शकतो. चिंता एकाच गोष्टीची वाटते. दिवसाला दहा मुद्रणं आली की चौथ्यांदा ऐकणं होत नाही, आणि आमच्या वाड्यातलं भांडण तर चौथ्या वेळीच सुरू व्हायचं. म्हणून आमच्या गटात एक पथ्य पाळतो: आठवड्याला एकच मुद्रण, आणि किमान तीनदा ऐकल्याशिवाय लिहायचं नाही. महिन्यातून एकदा गंगापूर रोडवर एकाच्या घरी, बरे स्पीकर लावून, समोरासमोर बसतो.

गेल्या महिन्यात बापूरावांचा श्री पाठवला गेला, तोही नेहमीसारखा साडेनऊला. पंचवटीतल्या एका काकूंनी कळवलं, ‘श्री हा संधिप्रकाशाचा राग. रात्री ऐकणार नाही.’ एका तरुणाने उत्तर दिलं की तबकडीला वेळ नसते, हाच तर तिचा फायदा. दोन दिवस यावर लिहिणं चाललं. तिसऱ्या दिवशी काकूंनी सूर्यास्ताला रामकुंडाजवळ बसून, कानाला इअरफोन लावून तो ऐकला आणि रिषभावरून पंचमावर जाताना काय झालं ते सविस्तर लिहिलं. त्या तरुणाने दुसऱ्या संध्याकाळी तिथेच जाऊन ऐकला. अजून त्याने काही लिहिलेलं नाही; त्याचं तिसऱ्यांदा ऐकून व्हायचं आहे.