अनास्तासिया वाचली नव्हती

रशियाच्या झारवर टीव्हीवर माहितीपट लागला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘पण त्याची धाकटी मुलगी अनास्तासिया निसटली होती ना?’ नाही. १७ जुलै १९१८ च्या पहाटे येकातेरिनबुर्गमधल्या तळघरात झार निकोलस, त्याची पत्नी म्हणजे झारीना, पाचही मुलं आणि चार सेवेकरी, अशा अकरा जणांना मारलं गेलं. मुलींच्या कपड्यांत शिवलेल्या हिऱ्यांवरून गोळ्या उडाल्या हे खरं, पण मग संगिनी चालल्या.

संशयाला जागा होती, हे मान्य. १९९१ मध्ये उकरलेल्या खड्ड्यात नऊच सांगाडे निघाले. त्यातली झारीना ओळखायला तिच्या बहिणीचा नातू, म्हणजे इंग्लंडच्या तेव्हाच्या राणीचे यजमान प्रिन्स फिलिप, यांचं रक्त कामी आलं. उरलेले दोघं, झारचा मुलगा अलेक्सेय आणि त्याची एक बहीण, २००७ मध्ये जवळच सापडले, डीएनए जुळला.

आणि बर्लिनच्या कालव्यातून १९२० मध्ये काढलेली, आयुष्यभर ‘मीच अनास्तासिया’ म्हणणारी अ‍ॅना अँडरसन? तिचं दहन झालं होतं, पण शस्त्रक्रियेत काढलेला आतड्याचा तुकडा इस्पितळात जपून ठेवलेला होता. त्याचा डीएनए झारीनाशी जुळेना. जुळला तो एका पोलिश कारखाना-कामगार बाईच्या नातलगाशी.