रिक्लायनर भिंतीपासून पुढे ओढा

घोडबंदर रोडला राहणाऱ्या मित्राने नव्या फ्लॅटमधली तिसरी बेडरूम होम थिएटरसाठी राखली. 15 फूट लांब खोली, दोन रिक्लायनर, कोपऱ्यात सबवूफर, म्हणजे खालच्या स्वरांचा स्पीकर. मोठ्या हौसेने बोलावलं. सिनेमात ढोल वाजू लागले आणि खोलीत नुसता घुमारा. संवाद त्यात बुडून गेले. ‘सबवूफर बदलावा लागणार’, असं तो म्हणाला. पण दोष सबवूफरचा नव्हता. रिक्लायनर मागच्या भिंतीला टेकवलेले होते.

दुकानात आपण गादी दाबून बघतो, लेदर घ्यावं की कापड यावर वाद घालतो. खुर्ची खोलीत नेमकी कुठे ठेवायची, याचा विचार मात्र कुणी करत नाही.

अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेतली अनुनाद नलिका आठवा, ठरावीक स्वराला घुमणारी नळी. बंद खोली म्हणजे दोन्ही टोकं बंद असलेली तशीच एक मोठी नळी. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 345 मीटर जातो. ज्या स्वराची तरंगलांबी खोलीच्या दुप्पट असते, त्याची जाणारी आणि भिंतीवरून परतणारी लाट मिळून स्थिर तरंग, म्हणजे पुढे न सरकता जागेवरच घुमणारी लाट, तयार होतो. 15 फुटांच्या, म्हणजे 4.57 मीटरच्या खोलीत हा स्वर 38 हर्ट्झच्या आसपास येतो. पुढचे त्याच्या दुप्पट, तिप्पट: 75, 113.

आता सकाळची ठाण्याहून सुटलेली लोकल डोळ्यांसमोर आणा. खच्चून भरलेला डबा हिसका खातो तेव्हा टोकाच्या पत्र्याला टेकलेला माणूस चेंगरतो. मधला माणूस पुढेमागे भरपूर हलतो, पण तितका चेंगरत नाही. हवेचंही असंच. भिंतीशी हवेला हलायला जागा नसते, म्हणून तिथे दाबाचा चढउतार सर्वाधिक. आणि आपले कान दाबातलाच बदल टिपतात.

म्हणून 38 हर्ट्झचा स्वर भिंतीशी दणदणीत, तर खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा. 75 हर्ट्झचा भिंतीशी आणि मधोमध जोरात, पाव आणि पाऊण लांबीवर गायब. 113 चा मधोमध आणि दोन्ही भिंतींपासून सहाव्या हिश्श्यावर गायब. यातला प्रत्येक स्वर भिंतीशी मात्र कमाल पातळीवर असतो. भिंतीला टेकून बसणाऱ्याला ते सगळे एकदम झोडपतात. अगदी मधोमध बसावं, तर एकाआड एक स्वर हरवतो. मागच्या भिंतीपासून लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून 38 टक्क्यांपर्यंतच्या पट्ट्यात हे तिन्ही स्वर ऐकू येतात. तिथून सुरुवात करावी. रुंदी आणि उंचीचेही असे तरंग असतात, त्यामुळे शेवटी थोडं मागेपुढे सरकवून कानानेच ठरवावं लागतं.

या मित्राला कुणीतरी वास्तूप्रमाणे खुर्च्यांची तोंडं पूर्वेला हवीत असं सांगितलं होतं. ध्वनीला पूर्व-पश्चिम कळत नाही. त्याला भिंतींमधलं अंतर कळतं. अशा सल्ल्यासाठी पैसे मोजू नयेत.

खुर्चीची पाठ निवडतानाही कानाचा विचार करा. डोक्याच्या वर जाणारी उंच पाठ मागच्या स्पीकरचे वरचे स्वर अडवते. 5000 हर्ट्झची तरंगलांबी जेमतेम 7 सेंटिमीटर असते, ती गादीला वळसा घालून येत नाही. पाठ खांद्यापर्यंतच असावी. कापड हे वरचे स्वर काही प्रमाणात शोषतं, गुळगुळीत लेदर परतवतं.

आम्ही दोघांनी रिक्लायनर साडेपाच फूट पुढे ओढले. पडदा साडेनऊ फुटांवर आला, 65 इंची टीव्हीला हे अंतर छान जुळतं. तोच ढोलांचा प्रसंग पुन्हा लावला. या वेळी टिपरूचा प्रत्येक ठोका सुटा ऐकू आला.