क्लोन केल्याने मूळ साइट बंद पडत नाही

सांगलीत विश्रामबागच्या टपरीवर चहा घेताना इंजिनिअरिंगची पोरं दरवर्षी एकच ऐकवतात: "दादा, ओपन सोर्समध्ये हात घालायची भीती वाटते. चुकून काही डिलीट झालं तर अख्खी साइट झोपायची!" सिनिअरकडून ज्युनिअरकडे चालत आलेली ही वावडी. ओपन सोर्स म्हणजे सगळ्यांना खुला असलेला कोड; त्यात असं काही होत नाही.

लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) कामासाठी गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, लिहिलं. त्यात प्रत्येकाकडे स्वतःची पूर्ण प्रत असते, जुन्या इतिहासासकट. क्लोन केलंत, म्हणजे ती प्रत उतरवून घेतलीत, की ती तुमच्या लॅपटॉपवर. ब्राउझरमधलं लोकलहोस्ट म्हणजे १२७.०.०.१, तुमचंच मशीन. सेटअप करताना डेटाबेसही तिथलाच बनवलेला; टेबल उडालं तर तुमचं उडालं, मायग्रेशन (टेबलं बनवणारी स्क्रिप्ट) पुन्हा चालवा. मूळ रेपोत (प्रकल्पाच्या कोडसाठ्यात) थेट पुश करायला, म्हणजे बदल पाठवायला, गेलात तर परवानगीच नाकारली जाते. म्हणून तर फोर्क (तुमच्या खात्यातली प्रत), वेगळी ब्रँच (बदलांची स्वतंत्र शाखा) आणि पुल रिक्वेस्ट (बदल आत घ्या अशी विनंती). मेंटेनरने, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याने, बदल मर्ज केल्याशिवाय (मूळ कोडमध्ये मिसळल्याशिवाय) तुमची एक ओळही आत जात नाही.

भ्यायचंच असेल तर डॉट ईएनव्ही (.env) फाइलला, म्हणजे पासवर्ड-सेटिंग्ज ठेवायच्या फाइलला, भ्या. तिच्यातला पासवर्ड कमिट होऊन (गिटमध्ये नोंदला जाऊन) पुश झाला, की फाइल नंतर काढली तरी तो इतिहासात राहतो. (मी केलंय हे, रात्री दोन वाजता.) असा पासवर्ड आधी बदलायचा, साफसफाई मागाहून.