जास्वंद की कण्हेर: बागेतल्या दोन फुलझुडपांची तुलना

जास्वंद आणि कण्हेर ही बागेत लावली जाणारी दोन सदाहरित फुलझुडपं. दोन्ही माणसाच्या उंचीच्या वर जातात, दोन्हींना भरपूर ऊन लागतं, दोन्ही नुसत्या फांदीवरून येतात आणि जिथे कडक थंडी पडत नाही तिथे दोन्ही वर्षातला बराच काळ फुललेली असतात, त्यामुळे कुंपणाच्या कडेला काय लावायचं असा विषय निघाला की ही दोन नावं एका दमात घेतली जातात. कुठलंही लावलं तरी सारखंच असं मात्र नाहीये. जास्वंदीला रोजचं लक्ष लागतं, कण्हेरीकडे महिनाभर बघितलं नाही तरी ती आपली उभी असते, आणि कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे ही गोष्ट झाड घरी आणायच्या आधी माहीत पाहिजे, लावून झाल्यावर नाही.

नावं आणि कूळ

दोघींची शास्त्रीय नावं स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये दिली. जास्वंद म्हणजे हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस, अर्थ 'चीनचा गुलाब', पण गुलाबाशी तिचा काही संबंध नाही, ती कापूस आणि भेंडीच्या कुळातली आहे. भेंडीचं फूल जवळून बघितलंत तर लगेच पटेल, तीच पाच पाकळ्यांची ठेवण आणि तोच मधला दांडा. संस्कृतात तिला जपा म्हणतात. गंमत म्हणजे बागेतली ही जास्वंद रानात आपोआप वाढलेली अशी कुठेच सापडत नाही, माणसानेच ती शेकडो वर्षं फांद्या लावून, संकर करून इथून तिथे नेलेली आहे. मलेशियाने १९६० मध्ये लाल जास्वंदीला राष्ट्रीय फूल केलं.

कण्हेर म्हणजे नेरियम ओलिअँडर, संस्कृतात करवीर. नेरियम या प्रजातीत ही एकच जात आहे, बाकी कोणी नाही. रुई, सदाफुली, चाफा ही तिची कुळातली मंडळी, सगळी चीकवाली. रानात ती भूमध्य समुद्राच्या काठापासून आशियापर्यंत ओढ्याच्या आणि कोरड्या नदीपात्राच्या कडेला वाढते, म्हणजे जिथे पावसात लोंढा येतो आणि मग महिनोन्महिने वरची माती ठणठणीत असते अशा जागी. हे लक्षात ठेवा, तिच्या निगराणीचं जवळजवळ सगळं यातूनच निघतं. इटलीतल्या पाँपेई शहरात इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या घरांच्या भिंतींवर बागांची चित्रं आहेत त्यातसुद्धा कण्हेर काढलेली आहे, इतकं हे जुनं बागेतलं झाड.

पिवळ्या घंटेसारख्या फुलांची जी 'पिवळी कण्हेर' म्हणतात, म्हणजे बिट्टी, ती वेगळी. ती मूळची अमेरिका खंडातली आणि दुसऱ्याच प्रजातीतली आहे, पानं जास्त बारीक, आणि फळ हिरवं, टोकेरी, आत टणक बी असलेलं. विषारी मात्र तीही तितकीच आहे, तेव्हा नावाचा गोंधळ झाला तरी सावधगिरी दोन्हीकडे सारखीच ठेवायची.

पान बघा, निम्मं उत्तर तिथेच आहे

दोन्हींचं एकेक पान तोडून शेजारी ठेवलं (कण्हेरीचं तोडल्यावर हात धुवा) की कुणाला काय लागतं ते न सांगता कळतं. जास्वंदीचं पान रुंद, पातळ, चकचकीत, कडेला दाते असलेलं. अशा पानातून पाणी भराभर उडतं, म्हणून भर उन्हात दुपारी दोन वाजता कुंडीतली जास्वंद मान टाकते आणि पाणी दिलं की तासाभरात परत ताठ होते.

कण्हेरीचं पान लांब, अरुंद, चामड्यासारखं जाड, मधली शीर ठळक, आणि बहुतेक वेळा एका पेरावर तीन पानं गोलाकार निघालेली. वरची साल एका थराची नसून अनेक थरांची असते आणि त्यावर मेणाचा लेप. पण खरी करामत खालच्या बाजूला आहे. झाडं ज्या बारीक छिद्रांतून श्वास घेतात ती छिद्रं कण्हेरीत उघड्यावर नसतातच, ती पानाच्या मागच्या बाजूला छोट्या छोट्या खड्ड्यांत दडलेली असतात आणि त्या खड्ड्यांच्या आत बारीक केस असतात, त्यामुळे गरम वारा थेट छिद्रापर्यंत पोचत नाही आणि पाणी उडणं खूप कमी होतं. वनस्पतीशास्त्राच्या प्रॅक्टिकलला कोरड्या जागेतल्या पानाचा नमुना म्हणून कण्हेरीचं पान कापून मायक्रोस्कोपखाली दाखवतात ते याचसाठी. महामार्गांच्या दुभाजकात, जिथे दोन्हीकडून धूर, खालून तापलेलं डांबर आणि पाणी कधीतरीच, तिथे अनेक देशांत कण्हेरच का लावतात हे या एका पानात दिसतं.

फूल

जास्वंदीचं फूल एकेकटं येतं, पानाच्या बेचक्यातून, आणि बहुतेक जातींत एकच दिवस टिकतं. सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटतं, दुसऱ्या दिवशी गळतं. तोडून पाण्याशिवाय ठेवलं तरी त्या दिवसापुरतं तसंच राहतं, कारण त्याचं आयुष्यच तेवढं ठरलेलं असतं, काही नवीन संकरित जातींत मात्र दोन-तीन दिवसही टिकतं. म्हणजे झाड भरलेलं दिसायला हवं असेल तर त्याला रोज नवीन कळ्या धराव्या लागतात आणि यासाठी लागणारं खतपाणी आपल्याला सतत पुरवावं लागतं. फुलाच्या मधून जो लांब दांडा बाहेर येतो त्यावर पिवळे पुंकेसर आणि टोकाला पाच मखमली ठिपके, शाळेत फुलाचे भाग शिकवायला यापेक्षा सोपं फूल नाही. डबल जास्वंदीत हेच पुंकेसर पाकळ्यांसारखे झालेले असतात म्हणून ती गेंद दिसते. लाल पाकळ्या गरम पाण्यात भिजवून पाणी गाळलं तर त्यात लिंबू पिळल्यावर रंग गडद गुलाबी होतो आणि साबणाचं पाणी घातलं तर हिरवट, मुलांबरोबर एकदा करून बघाच.

रंगांत जास्वंद सरळ पुढे आहे. लाल, गुलाबी, पांढरा, पिवळा, केशरी, आणि एकाच फुलात तीन रंग असलेल्या जातीसुद्धा. पण वास नाही म्हटलं तरी चालेल.

कण्हेरीची फुलं लहान, पण फांदीच्या टोकाला घोसाने येतात, एक सुकलं तरी शेजारी चार असतात त्यामुळे घोस बरेच दिवस भरलेला दिसतो. पांढरा, फिका आणि गडद गुलाबी, लाल, फिका पिवळसर असे रंग, सिंगल आणि डबल, आणि बऱ्याच जातींना गोड मंद वास. या फुलात मध नसतो. कीटक रंगाला आणि वासाला भुलून येतात, आत काही मिळत नाही आणि निघून जातात, तेवढ्यात परागीभवन झालं तर झालं, त्यामुळे फुलं ढीगभर असली तरी शेंगा त्या मानाने कमी. शेंग लांब असते, सुकून फुटली की केसाळ बिया वाऱ्यावर उडतात. उलट लाल जास्वंदीत भरपूर मध असतो आणि शिंजीरसारखे छोटे पक्षी त्यावर येतात, तेव्हा बागेत पक्षी हवे असतील तर हा मुद्दा जास्वंदीच्या बाजूने धरा.

पाणी, माती, थंडी

जमिनीत मुरलेली कण्हेर पावसाशिवाय बराच काळ तग धरते, खारट आणि चुनखडीची माती, समुद्राचा वारा, सगळं सोसते. पहिलं वर्ष तेवढं पाणी द्या, मुळं खोल जाईपर्यंत, नंतर तिला जास्त पाणी दिलंत तर पानंच पानं वाढतात. जास्वंदीला ओल सतत लागते पण मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही, निचरा हवाच. चुनखडीच्या मातीत तिला लोह मिळत नाही, मग कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, अशा वेळी लोक पाणी वाढवतात आणि झाड अजून बिघडतं. खरं तर तिथे शेणखत, कंपोस्ट आणि लोहाचं सूक्ष्मखत द्यायला पाहिजे. कळ्या न उमलता गळणं ही जास्वंदवाल्यांची सगळ्यात मोठी तक्रार, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा पाण्याची अनियमितता किंवा कळीत शिरलेले फुलकिडे, दोन्ही तपासा, कळी उघडून पांढऱ्या कागदावर झटकली की किडे दिसतात.

थंडीत कण्हेर जास्त चिवट. शून्याच्या खाली थोडा वेळ, अगदी उणे दहा अंशांच्या आसपासही, जुनं झाड मुळापासून परत फुटतं. जास्वंद मात्र तापमान दहा अंशांच्या खाली गेलं की रुसते, पानं टाकते आणि दहिवर गोठलं तर जळतेच. बर्फ पडणाऱ्या ठिकाणी जास्वंदच हवी असेल तर तिची चुलत बहीण हिबिस्कस सिरिॲकस लावतात, ती हिवाळ्यात पानं गाळून झोपते, तीच दक्षिण कोरियाचं राष्ट्रीय फूल. नावात सिरिया असलं तरी ती मूळची पूर्व आशियातली आहे.

विषाचा मुद्दा

इथे मी थोडं जास्त लिहितोय कारण कण्हेर सुंदर आहे म्हणून लोक हा भाग वाचायचं टाळतात. कण्हेरीच्या पानात, फुलात, सालीत, मुळात, बियांत, सगळीकडे ओलिअँड्रिन आणि तसलीच हृदयावर काम करणारी द्रव्यं असतात. हृदयाच्या पेशींमध्ये सोडियम आणि पोटॅशियम आतबाहेर करणारा जो पंप असतो तो ही द्रव्यं अडवतात, त्यामुळे ठोके अनियमित होतात, मंदावतात आणि जीवही जातो. आधी उलट्या, पोटात कळा, चक्कर अशी लक्षणं दिसतात. पान सुकलं म्हणून विष जात नाही, आणि गाई, घोडे, शेळ्या छाटणीच्या सुकलेल्या पाचोळ्यात तोंड घालून मेल्याचे प्रकार होतात. कण्हेरीच्या काड्या पेटवायच्या नाहीत, धूरही बाधतो, काडीवर काही भाजायचं तर विचारही नको. छाटताना हातमोजे घाला, चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, आणि कुणी काही चघळलं असा नुसता संशय आला तरी घरचे उपाय न करता थेट दवाखाना.

याच्या उलट जास्वंद माणसाला निर्धोक धरली जाते. रांगणारं मूल, कुत्रं, गुरं यांचा वावर असलेल्या जागेत माझं मत एकदम पक्कं आहे, कण्हेर नको.

एक मात्र सांगायलाच हवं, तिच्या चिवटपणामुळे कण्हेरीला हिरोशिमा शहराने आपलं फूल मानलंय. १९४५ च्या अणुबॉम्बनंतर होरपळलेल्या जमिनीत जी झाडं सुरुवातीला फुलली त्यात ही होती.

कीड

जास्वंदीला मावा, पांढरी माशी आणि सगळ्यात चिवट म्हणजे मिलीबग, कापसासारखे पांढरे पुंजके कोवळ्या शेंड्यात. सुरुवातीलाच जोरात पाण्याचा फवारा मारून नाहीतर कडुनिंबाच्या तेलाने आवरतात, पसरले की शेंडा कापून टाकणं बरं, मुंग्या ये-जा करताना दिसल्या तर कीड आहेच समजा. कण्हेरीला विष असूनही खाणारे आहेत. तिचा खास मावा भडक पिवळा असतो, पाय काळे, तो झाडातलं विष अंगात साठवतो. हिरवा ओलिअँडर पतंग तिच्या पानांवर अंडी घालतो, आणि कॉमन क्रो नावाच्या तपकिरी फुलपाखराचे कोष कण्हेरीच्या पानामागे लटकलेले मिळतात, आरशासारखे चकचकीत, चांदीचे असावेत असे. हे दिसलं तर फवारणी करू नका हो, पानं परत येतात.

लावणी आणि छाटणी

वीतभर लांबीची, पेन्सिलीएवढी जाड फांदी, खालची पानं काढून, हे दोन्हींना चालतं. कण्हेर पाण्याच्या बाटलीतही मुळं धरते, जास्वंदीला ओलसर भुसभुशीत माती आणि सावली द्या, महिना-दीड महिना लागतो. दोन्ही नवीन फुटीवर फुलतात, म्हणून छाटणी थंडी संपताना. फरक एवढाच की जास्वंदीची कात्रीने भिंतीसारखी कडक हेज केली तर येणाऱ्या कळ्याच दर वेळी कापल्या जातात, तिला सैल, मोकळं वाढू द्यावं. कण्हेर खालून उघडी पडते, तर जुन्या दोन-तीन फांद्या दरवर्षी बुंध्यापासून काढायच्या आणि बाकीच्यांचे शेंडे खुडायचे. अंतर जास्वंदीत एक ते दीड मीटर, कण्हेरीत दीड ते दोन.

आणि दोन्ही लावायच्याच असतील तर एका वाफ्यात शेजारी शेजारी नकोत. जास्वंदीच्या हिशोबाने पाणी दिलं तर कण्हेर नुसती पानांनी माजते, कण्हेरीच्या हिशोबाने दिलं तर जास्वंदीच्या कळ्या गळतात. जास्वंद नळाजवळ, येता-जाता दिसेल अशी, आणि कण्हेर लांबच्या कुंपणाला, जिथे पाइप पोचत नाही आणि मुलं खेळत नाहीत.