पार्श्वभूमी : श्रवण-संशोधन, स्वस्त ऑडिओ इंटरफेस आणि 'लेटन्सी'चा घोळ

ऑसिलेटर, अ‍ॅटेन्युएटर आणि टायमर यांनी भरलेल्या कपाटांचा काळ इथे सोडून देऊ. श्रवणाच्या प्रयोगांसाठी संगीतकारांचा स्वस्त ऑडिओ इंटरफेस (संगणकातून ध्वनी आत-बाहेर नेणारे खोके) चालेल का, हा आजच्या खरेदीतला वाद सुरू होतो तो १९९०च्या दशकाच्या शेवटी, घरगुती साउंड कार्डांपासून. त्या वेळच्या एका लोकप्रिय कार्डाची चिप ४४.१ किलोहर्ट्झची (सेकंदाला ४४,१०० नमुन्यांची) फाइलसुद्धा परस्पर ४८ किलोहर्ट्झमध्ये बदलून वाजवत असे. प्रयोगासाठी जपून बनवलेला ध्वनी कानापर्यंत पोहोचताना वेगळाच होई. 'संगीतवाल्यांची यंत्रे आपल्या कामाची नाहीत' हा समज तेव्हा रुजला तो रुजलाच. ज्यांच्याकडे अनुदान होते त्यांनी श्रवण-संशोधनासाठीच बनवलेली महागडी डीएसपी (ध्वनीवर प्रक्रिया करणाऱ्या खास चिपची) यंत्रणा घेतली.

वास्तविक १९९७मध्ये एएसआयओ ही ड्रायव्हरची नवी पद्धत आली आणि विंडोजचा मिक्सर टाळून थेट कार्डाशी बोलता येऊ लागले. पुढे २४ बिटांची पीसीआय कार्डे आली, मग फायरवायर आणि शेवटी यूएसबी. यूएसबी ऑडिओची दुसरी आवृत्ती २००६ची, पण विंडोजमध्ये तिचा अंगभूत ड्रायव्हर यायला २०१७ उजाडले. मधली अकरा वर्षे प्रत्येक उत्पादकाच्या ड्रायव्हरवर विसंबून राहण्यात गेली. जुना इंटरफेस स्वस्तात मिळाला तरी त्याचा ड्रायव्हर नव्या संगणकावर चालतो का, हे आधी पाहावे लागते ते यामुळेच.

खरा गुंता 'लेटन्सी' (उशीर) या शब्दाचा. गिटारवादकाला सूर छेडल्यावर तो हेडफोनमध्ये किती मिलिसेकंदांनी ऐकू येतो याच्याशी मतलब, आणि खोक्यावरच्या जाहिराती त्याच्यासाठीच असतात. श्रवणाचा उंबरठा मोजताना ध्वनी १० मिलिसेकंद उशिरा वाजला काय किंवा ४० काय, काही बिघडत नाही. उशीर दर वेळी तेवढाच असेल तर मोजून वजा करता येतो. बिघडते ते उशीर दर वेळी वेगळा असला की.

मेंदूस्तंभाचा श्रवण-प्रतिसाद, म्हणजे एबीआर, घ्या. ध्वनी ऐकल्यावर मेंदूस्तंभात उठणारा हा विद्युत प्रतिसाद डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मोजतात. त्यातली पाचवी लहर क्लिकनंतर साधारण साडेपाच-सहा मिलिसेकंदांनी येते आणि तिची उंची एका मायक्रोव्होल्टहूनही कमी असते. हजार-दोन हजार क्लिकची सरासरी काढावी तेव्हा कुठे ती दिसते. ध्वनी ड्रायव्हरच्या बफरमधून (तात्पुरत्या साठ्यातून) गेला आणि ट्रिगर, म्हणजे ध्वनी सुटल्याची नोंदणी-यंत्राला द्यायची खूण, सॉफ्टवेअरने दुसऱ्याच वाटेने पाठवला, तर दोघांतले अंतर दर वेळी मागेपुढे होते आणि सरासरीत लहर फासली जाते. उपाय साधा आहे. ट्रिगरची स्पंदनेही त्याच इंटरफेसच्या दुसऱ्या वाहिनीतून पाठवायची, कारण घड्याळ एकच असते. एका कानासाठी दोन वाहिन्या पुरतात, दोन कानांसाठी तीन लागतात, म्हणजे बाजारात चार आउटपुटचे यंत्र शोधायचे. माझ्या मते दोन आउटपुटांच्या यंत्रावर पैसे वाचवणे ही फसवी काटकसर आहे.

कानातून परत येणारे ध्वनी (ओएई) १९७८मध्ये नोंदले गेले. त्यांची विकृतिजन्य जात (दोन सूर एकदम दिल्यावर कानातच तयार होणारा वेगळा सूर) मोजताना दोन सूर दोन वेगळ्या इअरफोनमधून द्यावे लागतात, नाहीतर स्पीकरचीच विकृती कानाची म्हणून नोंदली जाते. मायक्रोफोनही त्याच घड्याळावर हवा. दोन स्वस्त यंत्रे जोडून हे जमत नाही.

१९२ किलोहर्ट्झच्या नमुना-दराचे आकर्षण मात्र अनाठायी. दोन कानांतला सुमारे १० मायक्रोसेकंदांचा फरक माणसाला कळतो आणि ४४.१ किलोहर्ट्झला दोन नमुन्यांमध्ये २२.७ मायक्रोसेकंद असतात, असा हिशेब मांडला जातो. पण दोन नमुन्यांच्या मधला विलंबही नमुन्यांच्या किमतींतून बिनचूक मांडता येतो.

हल्लीच्या यंत्रांचा अडसर उरतो तो हेडफोनमधल्या खरखरीचा. उंबरठ्याजवळ ती ऐकू येते. सिग्नल कमी करणारा २० डेसिबलचा निष्क्रिय अ‍ॅटेन्युएटर मध्ये घातला की ती बहुधा दबते, आणि तो प्रयोगशाळेत रोधकांपासून बनवताही येतो. कॅलिब्रेशनचा कपलर (कानाऐवजी हेडफोन ज्यावर बसवून मोजतात ती पोकळी) आणि ध्वनिपातळीमापक मात्र कित्येकदा इंटरफेसपेक्षा महाग पडतात. एखाद्या ऑडिओलॉजी विभागातून ते एका दुपारपुरते मागून आणावेत, आणि मोजणी संपताच व्हॉल्यूमच्या बटणावर चिकटपट्टी लावावी. बटण जरा फिरले की यंत्रे पुन्हा मागायला जावे लागते.